राजगड–तोरणा–रायगड ऑक्टोबरात: दुपारी दोनच्या हिशेबाने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघं जण, ऑक्टोबरचा पहिला आठवडा, गुंजवण्यातून राजगड, तिथून डोंगरधारेने तोरणा, मग भट्टी–हारपुड–मोहरीमार्गे नाळेने, म्हणजे कड्यांमधल्या उभ्या घळीने, कोकणात उतरून रायगड. तीन दिवस, सगळं ओझं पाठीवर. पाऊस गेला असेल का, सॅकमध्ये काय न्यायचं आणि परत कधी फिरायचं?

पाऊस गेलेला नसेल, असंच धरा. नैऋत्य मोसमी वारे राजस्थानातून माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर आणि मुंबईची ८ ऑक्टोबर. म्हणजे तुम्ही ऐन परतीच्या पावसात जाताय. जुलैचा पाऊस निदान प्रामाणिक असतो, दिवसभर पडतो आणि माणूस भिजायचंच ठरवून निघतो. ऑक्टोबरचा तसा नाही. सकाळी निळंशार आकाश, दहाला उकाडा, अकराला पूर्वेकडे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहू लागतात आणि दोन ते सातच्या दरम्यान कधीही वीज, वारा आणि तासाभराचा धुवांधार पाऊस. नंतर पुन्हा चांदणं. या वाटेवरचे जोखमीचे भाग म्हणजे माच्या, उघडी धार, कातळटप्पे आणि नाळ. ते सगळे दुपारी दोनच्या आत मागे पडलेले हवेत. मुक्काम, ओझं, निघायची वेळ, सगळं या एका अटीवरून उलटं मोजत ठरवायचं.

तसं मोजलं की तीन दिवस पुरत नाहीत, रायगडाच्या पायथ्यापर्यंतच चार लागतात आणि गड चढायला पाचवी सकाळ. तीन दिवसांत हा ट्रेक होतो, पण डिसेंबरात, हलक्या सॅकने आणि संध्याकाळी सहापर्यंत चालायची तयारी असेल तर. ऑक्टोबरात तुमचा चालायचा दिवस पहाटे पाच ते दुपारी दोन एवढाच आहे. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, म्हणजे पहिला दीड तास बॅटरीवर. एवढे दिवस मिळत नसतील तर राजगड–तोरणा करून वेल्ह्यात उतरा आणि मोहरी–रायगड हा टप्पा थंडीत वेगळा करा. त्यात काही कमीपणा नाही.

वेगाचा अंदाज बहुतेक जण इथेच चुकवतात. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त, हा पुस्तकी हिशेब सह्याद्रीत दहा किलो पाठीवर घेऊन चालत नाही. गवतात बुजलेल्या वाटेवर तासाला अडीच किलोमीटर आणि तासाला तीनशे मीटर चढ, एवढंच धरा. गटाचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग. त्याला पुढून दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, शेवटी नाही. शेवटी ठेवलं की तो पोचतो तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून उठत असतात, आणि त्याला विश्रांती मिळतच नाही.

पहिला दिवस सगळ्यात कठीण आहे. राजगडावर रात्रीच्या मुक्कामाला पुरातत्त्व विभागाची मनाई आहे, तेव्हा आदल्या रात्री गुंजवण्यातच झोपा. पावणेपाचला निघालात तर चोर दरवाज्याने सव्वासात-साडेसातला पद्मावती माचीवर पोचाल. त्या दरवाज्याखालचा शेवटचा टप्पा अरुंद आणि कातळातला आहे. रेलिंग असलं तरी ओल्यात मोठ्या सॅकसकट तिथे एका वेळी एकच जण. पाली दरवाज्याची वाट पायऱ्यांची आणि सोपी, रात्री पाऊस झाला असेल तर गुंजवण्याऐवजी त्या वाटेनेच सुरुवात केलेली बरी. बालेकिल्ला या खेपेला सोडा. वाईट वाटेल, पण तिथे जाणारा दीड तास तुम्हाला तोरण्याखाली लागणार आहे.

पद्मावतीवर पाणी भरून संजीवनी माचीकडे. धुकं असेल तर इथली दुहेरी तटबंदी हीच तुमची दिशा: तट एका हाताला ठेवायचा आणि सोडायचा नाही. अळू दरवाज्यातून साडेआठपर्यंत बाहेर पडायचं. पुढे धार उतरते आणि वेल्हे–भुतोंडे रस्ता जिथे डोंगर ओलांडतो त्या खिंडीत पोचते. या दिवसाचा निकाल त्या खिंडीत लागतो. साडेदहा-अकराला तिथे असाल आणि पूर्वेचे ढग अजून खुजे, पांढरे असतील, तर पुढे तोरण्याची धार घ्या. साडेअकरा वाजून गेले, किंवा ढगांचे माथे चपटे होऊन पसरू लागले, बुडं काळवंडली, तर डांबरी रस्त्याने सरळ वेल्ह्याला उतरा. चर्चा करायची नाही. हा नियम घरून निघतानाच चौघांनी कबूल केलेला असावा, कारण खिंडीत बसल्यावर ‘एवढं आलोच आहोत तर’ हे वाक्य कोणीतरी म्हणतोच. खिंडीच्या पुढे तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत धार उघडी आहे आणि माचीवर चढताना कातळाचा टप्पा लागतो. वीज चमकत असताना त्या टप्प्यावरची लोखंडी शिडी आणि रेलिंग म्हणजे हात लावू नये अशी गोष्ट.

वर पोचलात तर बुधला माचीवरून कोकण दरवाज्याने मेंगाई देवीच्या देवळाजवळ. मुक्कामाला परवानगी आहे का, हे वेल्ह्यात आधी फोन करून विचारून ठेवा. नसेल तर बिनी दरवाज्याने वेल्ह्यात उतरायला अडीच तास हाताशी हवेत.

दुसरा आणि तिसरा दिवस लांबीचे आहेत, धोक्याचे कमी. बुधला माचीकडून भट्टीत उतरायचं आणि हारपुडच्या बाजूने मोहरीकडे सरकायचं. मधल्या वस्तीवर एक मुक्काम, दुसरा मोहरीत. इथे खरा शत्रू पाऊस नाही, गवत आहे. ऑक्टोबरात ते कमरेला येतं, पायाखालचा दगड दिसत नाही आणि ढोरवाटा मुख्य वाटेपेक्षा ठसठशीत दिसतात. ओळखायची खूण अशी: ढोरवाटा तीन-चार समांतर जातात, एकाच उंचीवरून आडव्या पळतात आणि चरणीच्या किंवा पाण्याच्या जागी विरतात. गावाला जाणारी वाट एकच असते, खिंड किंवा सोंड (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) नेमकी धरते आणि अवघड जागी तिला दगड लावलेले किंवा झाडाला पायांनी गुळगुळीत झालेली मुळं दिसतात. दहा मिनिटं पाऊलखुणा दिसल्या नाहीत तर पुढे शोधत जाऊ नका, शेवटच्या खात्रीच्या जागेवर परत या. उतरताना चुकीच्या सोंडेवर लागणं ही इथली नेहमीची चूक. दोनशे मीटर खाली गेल्यावर कातळ तुटतो आणि मग परत चढायला जीवावर येतं, म्हणून लोक कड्यावरून मार्ग काढू पाहतात. अपघात तिथे होतात.

फोनवर नकाशा आणि जीपीएक्स ट्रॅक (आधी कोणी चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद) घरीच उतरवून घ्या. फोन एअरप्लेन मोडवर, प्लास्टिकच्या झिप पिशवीत, अंगाजवळच्या खिशात. १०,००० एमएएचची पॉवर बँक आजच्या फोनला दीड वेळाच भरते, कारण बराच भाग रूपांतरात वाया जातो. दोघांकडे ट्रॅक आणि एकाकडे कागदावर छापलेला १:५०,००० चा नकाशा असावा. त्यावर दोन समोच्च रेषांमधला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला) उंचीचा फरक २० मीटर असतो, म्हणजे १५ मीटरचा कडा त्यात दिसणारच नाही, हेही लक्षात असू द्या. भिजलेल्या बोटांनी फोन चालत नाही. कागद चालतो.

आता नाळ. मोहरी–सिंगापूर भागातून कोकणात उतरायला दोन वाटा लोक घेतात: रायलिंग पठार आणि लिंगाणा यांच्या मधून उतरणारी बोराट्याची नाळ, आणि सिंगापूरची नाळ, जी दापोली गावाकडे उतरते. (ही दापोली रायगडाच्या पायथ्याकडची, रत्नागिरीतली नव्हे. गाडीवाल्याला सांगताना घोळ होतो.) रायलिंग पठारावरून लिंगाणा समोर उभा दिसतो, म्हणून बोराट्याची नाळ सगळ्यांना हवी असते. तुमच्या आठवड्यात, या ओझ्यासह, सिंगापूरची नाळ घ्या. बोराट्याच्या नाळेत मोठे धोंडे आहेत आणि खाली लिंगाण्याच्या खिंडीकडे जाताना कड्यालगत आडवं जावं लागतं. ती जागा कोरडी असताना ठीक आहे, शेवाळलेली असताना मोठी सॅक कातळाला घासून माणसाला बाहेर ढकलते. पठारावर फक्त बघायला जा, सॅक मोहरीतल्या घरी ठेवून.

नाळ म्हणजे घाटमाथ्याचं गटार, हे विसरून चालत नाही. वरच्या पठारावर पडलेलं पाणी त्या एकाच चिरेतून खाली येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वर पाऊस झालेला असू शकतो. म्हणून नाळ सकाळीच: सातला शिरायचं, दहा-साडेदहापर्यंत खाली. सहाशे-सातशे मीटरची उतराई आहे, गुडघे बोलतात, घाई करता येत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या वाहू लागल्या किंवा वरून दगड गडगडल्याचा आवाज आला, तर खाली पळायचं नाही, बाजूच्या उतारावर चढायचं. पाण्यापेक्षा वेगाने उतरता येत नाही.

सुटे दगड हा नाळेतला दुसरा धोका. पावसाळ्याने माती धुऊन नेलेली असते आणि महिनाभर कोणी गेलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या गटाच्या पायाखाली सगळं हलतं. दोघांमध्ये एक तर अगदी कमी अंतर ठेवा, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधीच अडतो, किंवा एक जण आडोशाला पोचल्यावरच दुसऱ्याने निघायचं. मधलं दहा-पंधरा मीटरचं अंतर सगळ्यात वाईट. दगड निसटला की ‘दगड!’ एवढंच ओरडायचं, सॉरी नंतर. खालच्याने वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं. आग्या मोहळं या कड्यांवर असतात, तेव्हा तिथे धूर, अत्तर, डिओ आणि आरोळ्या नकोत.

रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर सकाळी नाळेत शिरू नका. मोहरीपर्यंत गाडीरस्ता आहे. गावातून गाडी करून केळदला जा आणि मढे घाटाने कर्णवडीकडे उतरा. तानाजी मालुसऱ्यांचं शव सिंहगडावरून उमरठ्याला याच घाटाने नेलं, असं सांगतात. वाट रुंद आहे आणि नाळेतली नाही. हाही पर्याय नको असेल तर वेल्ह्याला परत. कोकणात उतरल्यावर काळ नदीचं खोरं ओलांडून रायगडाच्या पायथ्याला लागायचं. तिथे मुक्काम, रायगड पाचव्या दिवशी सकाळी. दुपारच्या उन्हात त्या पायऱ्या चढून जाण्यात मजा नाही.

ओढे वाटेत बरेच आहेत. फुगलेला ओढा गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर ओलांडू नका, बसा. सह्याद्रीतले छोटे ओढे पाऊस थांबल्यावर दोन-चार तासांत उतरतात, ही त्यांची मेहेरबानी आहे. ओलांडायचंच तर पात्र रुंद आणि उथळ असेल तिथे, बूट घालून, कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून, तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या बाजूला टेकवून, एका वेळी एकच पाय उचलायचा. पट्टे सोडायचे ते पडलात तर सॅक झटकता यावी म्हणून. दोर कमरेला बांधून ओलांडू नये. पाय सुटला की तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

विजेचं गणित सोपं आहे: चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर धारेवरून उतरायला लागा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा चढू नका. बुरूज, एकटं झाड, ध्वजस्तंभ, रेलिंग टाळा. उथळ कपारीच्या तोंडाशी बसणं उघड्यावर बसण्यापेक्षा वाईट, कारण वीज कातळावरून वाहत येऊन तोंडाशी उडी मारते. उतरायला वेळच नसेल तर एकमेकांपासून १५-२० मीटर लांब, रिकाम्या सॅकवर किंवा मॅटवर उकिडवे, पावलं जुळवून. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं दामिनी ॲप विजेची सूचना देतं, हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा अंदाजही मिळतो, पण दोन्हींना रेंज लागते आणि या वाटेवर ती नेमकी हवी तिथे नसते. म्हणून ते सकाळी रेंज असेल तिथे बघायचं, आणि नंतर आकाश.

एक गोष्ट मात्र घरूनच बघा. अंदाजात कमी दाबाचं क्षेत्र असेल आणि पुणे–रायगड जिल्ह्यांच्या घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड इशारा असेल, तर तो दुपारचा वळीव नव्हे. तो दिवस-रात्र पडतो आणि दोनचा हिशेब त्याला लागू पडत नाही. तेव्हा घरीच थांबा.

ओझ्याबद्दल. प्रत्येकी तीन लिटर पाण्यासकट ९ ते ११ किलो, किंवा शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत, यातलं जे कमी ते. ५० लिटरची सॅक पुरते. मोठी घेतली की ती भरली जाते. सॅकचं रेनकव्हर एकटं कामाचं नाही: वारा ते फुगवतो आणि पाठीच्या बाजूने झिरपलेलं पाणी त्याच्याच बुडाशी साचून तुमची सॅक आत मुरवतं. आतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, तोंड पिळून दुमडा. बियाणं-खताच्या दुकानात मिळते तसली जाड पिशवी उत्तम. जड सामान, म्हणजे पाणी आणि शिधा, पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला. उतारावर वजन मागे लोंबलं की पाय पुढे घसरतो. पट्टे आवळताना आधी कंबरेचा, तोही पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर. मग खांद्याचे.

कपड्यांत जीन्स आणि कॉटन नको, एवढं सगळे सांगतात. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की झोपायचा एक कोरडा जोड, मोजे धरून, वेगळ्या पिशवीत बांधलेला असतो आणि तो चालताना कितीही मोह झाला तरी घालायचा नाही. सकाळी पुन्हा कालचे ओले कपडे चढवायचे. दोन मिनिटं शिव्या येतात, पाचव्या मिनिटाला अंग तापतं. पोंचो धारेवर शीड होतो आणि पायाखालचं झाकतो, जॅकेट बरं. तोरणा १,४०३ मीटर, काळ नदीचं खोरं त्याहून हजार-बाराशे मीटर खाली. दर हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर नुसत्या उंचीचा फरक सात-आठ अंशांचा, वर ओलं अंग आणि वारा. १८ अंशांतही भिजलेला माणूस गारठतो. तो बडबडायचा थांबला, अडखळू लागला, सॅकची क्लिप लावता येईना झाली, तर ‘थकलाय’ म्हणून सोडू नका. वाऱ्याआड न्या, कोरडं घाला, गोड गरम पाजा. आणि दुसऱ्याच दिवशी कोकणात हाच माणूस उकाड्याने लोळागोळा होऊ शकतो.

बुटांबाबत माझं मत ठाम आहे: वॉटरप्रूफ बूट या वाटेला नकोत. पाणी वरून शिरतं आणि बाहेर पडत नाही. मऊ रबराच्या तळव्याचे, वापरून मुरलेले साधे ट्रेकिंगचे बूट ओल्या बेसॉल्टवर जास्त धरतात. शेवाळावर कोणताच तळवा धरत नाही, तिथे पाय मातीत किंवा गवताच्या बुडख्यावर टाकायचा. वर्ष-दोन वर्षं कपाटात पडलेले चांगले बूटही घातकी असतात: तळव्यातला पॉलियुरेथेन दमट हवेत कुजतो आणि पहिल्याच उताराला तळवा जबडा उघडतो. दोन मीटर नायलॉनची दोरी सोबत हवी, ती पावलाच्या मधोमध गुंडाळून बांधली की गावापर्यंत निभावतं. नखं तीन-चार दिवस आधी कापा. टाचेला किंवा बोटाला चुरचुरलं की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावली तर तिचा उपयोग निम्मा. दुपारी पंधरा मिनिटं मोजे काढून पाय वाळवणं हे औषधापेक्षा गुणकारी.

तंबू नेऊच नका, वस्तीत देऊळ किंवा घराची पडवी मिळते. चौघांत तीन बाय चार मीटरचा एक प्लास्टिक कागद पुरे. जेवणही मोहरीत आणि मधल्या वस्तीवर आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते, पैसे नीट द्या. तोरण्याच्या रात्रीपुरती खिचडी: चौघांना ४०० ग्रॅम तांदूळ, २०० ग्रॅम मुगाची डाळ. गॅसचं २३० ग्रॅमचं एक डबडं चहासकट पुरून उरतं. चालताना दशम्या, गूळ-शेंगदाणे. दशम्या दोन दिवस टिकतात, पोळ्या पावसाळी हवेत दुसऱ्याच दिवशी बुरसतात.

पाणी चालताना दिवसाला माणशी चार-पाच लिटर लागतं. वाटेत ओढे आहेत, पण वर गुरं चरतात, तेव्हा कापडातून गाळून एक मिनिट खळखळ उकळा किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर दिलेल्या वेळेपर्यंत ठेवा. ओआरएसची एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका. पुडी संपली तर लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने.

गवतात काठी आपटत चला, फुरसं हा विषारी साप कोकण-उताराला भरपूर. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळपट्टी काही नाही. अवयव हलू न देता सर्वांत जवळच्या रस्त्याला आणि १०८ ला फोन. तोरणा सोडल्यापासून कोणत्याही क्षणी जवळचा रस्ता कुठल्या बाजूला, हे चौघांपैकी प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. पुण्यात एकाकडे लिहून ठेवा: रोजचा मुक्काम, गाडीचा नंबर, आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने वेल्हे पोलिसांना कळवायचं. ती वेळ ठरवताना शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहा नका लिहू, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा लिहा. नाहीतर रेंज नाही म्हणून उशीर होईल, आणि घरचे सात वाजताच फोन फिरवू लागतील या धास्तीने तुम्ही अंधारात उतरायला लागाल.